परिषदेचा निरोप : पालघर-तारापूर परिसरातील संदेशवहनाचा एक ऐतिहासिक विचार

१

कोणतीही परिषद तिच्या मंडपापुरती किंवा सभागृहापुरती मर्यादित राहत नाही. तीत जे बोलले जाते त्याचा निरोप बाहेर जातो. त्याचप्रमाणे ती पार पाडणाऱ्या कार्यकर्त्यांमध्येही निरोपांची देवघेव अखंड चालू असते. हे दोन निरोप स्वरूपतः भिन्न होत. पहिला सर्वांसाठी असतो आणि तो जितका दूर जाईल तितके परिषदेचे कार्य सफल झाले असे मानले जाते. दुसरा ठरावीक माणसांसाठी व ठरावीक वेळेपुरता असतो. योग्य माणसाकडून योग्य माणसाकडे तो पोहोचला की त्याचे प्रयोजन संपते. विवेचनाच्या सोयीसाठी पहिल्यास 'जाहीर निरोप' व दुसऱ्यास 'कामाचा निरोप' असे म्हणता येईल. आजच्या व्यावसायिक परिषदांत पहिले कार्य समाजमाध्यमे करतात. दुसरे कार्य व्हॉट्सअ‍ॅपवरील गट किंवा स्लॅकसारख्या व्यवस्था करतात.

साधने नवी असली तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न नवा नाही. निरोप कोणाचा, कोणासाठी व किती काळापुरता, या तीन गोष्टी निरोपाबरोबर प्रवास करतात की वाटेत गळून पडतात, हाच तो प्रश्न होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. कारण गेल्या ऐंशी वर्षांत त्याची उत्तरे येथे अनेकदा, आणि काही वेळा रक्ताने, लिहिली गेली आहेत.

२

जाहीर निरोपाचे ठळक उदाहरण १९४२ सालचे आहे. ८ ऑगस्ट रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'छोडो भारत'चा ठराव संमत केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रमुख नेत्यांना अटक झाली. ज्यांनी ठरावाचा अर्थ लोकांना सांगावयाचा, तेच बंदिवासात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. तरीही अवघ्या सहा दिवसांत, १४ ऑगस्ट रोजी, सातपाटी, मुरबे, नांदगाव, शिरगाव अशा किनाऱ्यावरील गावांतून लोक पालघरच्या तालुका कचेरीवर चालून आले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पालघरमधील पाचबत्ती त्यांचे स्मरण आजही जागते ठेवते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निरोप पाठविणारे अनुपस्थित असूनही निरोपाची सत्यता संशयास्पद ठरली नाही. ठराव उघड्या सभेत झाला होता, तो कोणाचा हे सर्वांस ठाऊक होते आणि त्याचा आशय दोन शब्दांत मावण्याजोगा होता. जाहीर निरोप टिकतो तो अशाच अटींवर.

३

कामाच्या निरोपाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तीस उंबरगाव तालुक्यातील मोजके वारली उपस्थित होते. माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. तेथून परतलेल्या या लोकांनी जे सांगितले त्यातून पुढच्या परिषदेची मागणी आली, आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारल्यांची परिषद झाली. वेठ करावयाची नाही, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी सावकाराकडे जन्मभर राबणारे 'लग्नगडी' मुक्त झाले पाहिजेत, असा निर्धार तीत झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांचे नेतृत्व या चळवळीस लाभले होते.

परिषदेनंतर जे घडले ते संदेशवहनाच्या दृष्टीने असाधारण होय. श्रोत्यांपैकी बहुतेक निरक्षर होते. पत्रके वाटून काम होण्यासारखे नव्हते. निरोप पाड्यापाड्यांतून तोंडी गेला. लाल बावटा ही त्याची खूण, आणि 'वेठ बंद' हे त्याचे सार. जे आपल्या पाड्यावर ऐकले तेच शेजारच्या पाड्यावरही ऐकू येई आणि प्रत्यक्ष अनुभवास उतरे. पिढ्यान्पिढ्या चाललेली वेठ मोडू लागली. साहजिकच या मुखपरंपरेच्या वाटेवर लोकांचा गाढ विश्वास बसला.

त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात मजुरीचा लढा सुरू झाला. ५०० पौंड गवतास अडीच रुपये मिळावेत ही मागणी होती. लढा रंगात असताना ऑक्टोबरमध्ये एक निरोप पसरला : तलवाडा येथे गोदाराणींची सभा आहे, त्यांच्या जिवास धोका आहे, तरी सर्वांनी काठ्या घेऊन जमावे. परुळेकरांच्या कथनानुसार असा निरोप किसान सभेने धाडलेला नव्हता. तो जमीनदारपक्षाकडून पसरविला गेला, आणि हिंसक जमाव येत असल्याची वर्दीही दुसरीकडे पोलिसांस देण्यात आली. १० ऑक्टोबरच्या रात्री हजारो वारली तलवाड्यास जमले. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या ग्रंथात या काळाचे सविस्तर निवेदन आढळते.

हा निरोप खरा का मानला गेला, याचा विचार केला पाहिजे. वारल्यांचे अज्ञान हे त्याचे कारण नव्हे. पाच महिने ज्या वाटेने खरे वर्तमान आले, त्याच वाटेने हेही आले. वाटेने मिळविलेली पत खोट्या निरोपाच्या खात्यावर जमा झाली. शिवाय निरोप तातडीचा होता. त्यात पडताळणीस अवसर ठेवलेला नव्हता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो वस्तुतः कामाचा निरोप होता. अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक तयारीने या, अशी ती आज्ञा होती. परंतु ती जाहीर निरोपाच्या वाटेने पसरली. आज्ञा देणारा कोण हे पुसले गेले आणि आज्ञा तेवढी उरली.

४

नव्या साधनांचा परिषदेशी असलेला संबंध आरंभापासूनचा आहे. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना मांडली, तेव्हा उदाहरण म्हणून घेतलेले नाव 'बारकॅम्प' या तंत्रज्ञांच्या संमेलनमालिकेचेच होते. विखुरलेल्या उद्गारांस एका मंडपाखाली आणणारी ही खूण होती. एका अर्थी वारल्यांच्या लाल बावट्याचे कार्य तिने केले. कामाच्या निरोपासाठी स्लॅकसारखी वेगळी व्यवस्था पुढे २०१४ साली सर्वांस खुली झाली. मराठी मुलखात मात्र दोन्ही कामे बव्हंशी व्हॉट्सअ‍ॅप या एकाच साधनावर येऊन पडली, आणि दोन निरोपांमधील सीमारेषा पुसट झाली.

ही सीमा पुसट झाली म्हणजे काय घडते याची एक बाजू नोव्हेंबर २०१२ मध्ये खुद्द पालघरात दिसली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार बंद राहिले. त्याविषयी शंका व्यक्त करणारा मजकूर एका तरुणीने फेसबुकवर लिहिला व तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. १९ नोव्हेंबर रोजी दोघींना अटक झाली; एका नातेवाइकाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. ओळखीच्या वर्तुळात उच्चारलेले मत जाहीर आव्हान म्हणून वाचले गेले, आणि पसंतीची खूण हाही अपराध मानला गेला. या अटकेच्या निमित्ताने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ या कलमास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी या तीन गोष्टींत भेद केला. परिषदेतील वक्त्याच्या प्रतिपादनावर सभागृहातूनच टीका लिहिणाऱ्या प्रतिनिधीस आज जे संरक्षण आहे, त्याच्या इतिहासात पालघरचे नाव असे गुंतलेले आहे.

दुसरी बाजू अधिक भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून पाच निरपराधांची हत्या झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास अटकाव केला. ७ एप्रिल २०२० रोजी वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणली गेली. त्यानंतर नवव्याच दिवशी, १६ एप्रिल रोजी, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर व मुले पळविणारे रात्री फिरत असल्याच्या वार्ता परिसरात पसरलेल्या होत्या. निरोपाचा वेग कमी करण्याने त्याची सत्यता वाढत नाही, हा या घटनाक्रमाचा धडा होय.

५

बोईसर-तारापूर हा पट्टा रसायने, पोलाद व वस्त्रोद्योगाच्या कारखान्यांचा आणि १९६९ पासून वीजनिर्मिती करणाऱ्या अणुकेंद्राचा आहे. येथे भरणाऱ्या तांत्रिक चर्चासत्रांच्या बाबतीत उपरोक्त इतिहासाचे मोल केवळ स्मरणापुरते नाही. अपघातनिवारणावरील एखाद्या सत्रात वक्त्याने वायुगळतीचे काल्पनिक चित्र पडद्यावर दाखविले, प्रतिनिधीने त्याचे छायाचित्र काढून गटावर टाकले, आणि तारीख व संदर्भ गळून ते शेजारच्या गावांत पोहोचले, तर त्याचा अर्थ काय घेतला जाईल, हे सांगावयास नको. आणीबाणीच्या सरावांत प्रत्येक संदेशाच्या आरंभी 'हा सराव आहे' असे उच्चारण्याचा प्रघात जगभर आहे. वरवर क्षुल्लक भासणारा हा प्रघात निरोपाचे स्वरूप निरोपातच गोवून ठेवतो. म्हणून तो वाटेत हरवत नाही.

परिषदांच्या आयोजकांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जाहीर निरोपासाठी एक नाव व एक खूण ठरवावी आणि तो मुक्तपणे पसरू द्यावा. त्यावरील टीकेस स्थान असावे. कामाच्या निरोपासाठी निराळा व मर्यादित गट असावा. त्यात सूचना कोणी द्यावयाची हे आधी निश्चित असावे, सूचनेवर वेळ असावी, आणि परिषद संपताच तो गट विसर्जित व्हावा. सूचनेविषयी शंका आल्यास उलट विचारण्याची वाट सर्वांस ठाऊक असावी. तलवाड्यास जमलेल्यांजवळ निष्ठा होती, धैर्य होते, शिस्तही होती. ज्यांच्या नावाने निरोप आला त्यांनाच, निघण्यापूर्वी, तो खरा की खोटा हे विचारण्याची सोय तेवढी त्यांच्याजवळ नव्हती. आज ती प्रत्येकाच्या हातात आहे. ती वापरण्याची सवय मात्र यंत्राबरोबर येत नाही, ती संस्थांनीच लावावी लागते.