पिस्तुलाच्या चापातील बदल

पिस्तुलाच्या चापातील बदल म्हणजे कारखान्यातून आलेल्या पिस्तुलाचा चाप, त्याला जोडलेला दांडा, अडकण किंवा स्प्रिंगा यांच्या जागी अन्य उत्पादकाचे भाग बसवणे, अथवा मूळ भागांना घासून वा आकार देऊन चाप ओढण्याचा भार, अंतर व स्पर्श बदलणे होय. अमेरिकेत अशा सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे आणि अंगावर झाकून बाळगण्याच्या आटोपशीर पिस्तुलांसाठी त्यांची विशेष चर्चा होते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे भाग हेही 'शस्त्र' या व्याख्येत मोडतात. त्यामुळे परवानाधारकाला असा बदल स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. हलक्या चापामुळे नेम साधणे सोपे होते, पण त्याच चापावर शस्त्राची सुरक्षितताही अवलंबून असते. या विषयातील बहुतेक वाद या दोन बाजूंच्या मेळाविषयी आहेत.

संज्ञा

बोटाने ओढल्या जाणाऱ्या भागास मराठीत चाप किंवा खटका म्हणतात. काडतुसाच्या बुडावर आघात घडवणारा, मागे ताणला जाणारा भाग म्हणजे घोडा. बोलीभाषेत 'घोडा ओढला' हा प्रयोग चापासाठीही होतो आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत 'घोडा' हा शब्द संपूर्ण पिस्तुलासाठी रूढ आहे. यंत्ररचनेच्या दृष्टीने मात्र चाप आणि घोडा हे वेगळे भाग आहेत. अनेक आधुनिक पिस्तुलांना बाहेरून दिसणारा घोडा नसतोच. त्यांत स्प्रिंगेच्या जोराने पुढे झेपावणारा स्ट्रायकर तेच काम करतो.

रचना आणि कार्य

चाप ओढल्यावर त्याला जोडलेला दांडा सरकतो आणि सिअर नावाची अडकण हलवतो. ताणलेला घोडा किंवा स्ट्रायकर या अडकणीवर तोललेला असतो. अडकण सुटताच तो पुढे जातो, फायरिंग पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते आणि बार उडतो. चापाच्या प्रवासाचे साधारणपणे पाच टप्पे मानले जातात : सुरुवातीचा मोकळा प्रवास, विरोध जाणवू लागतो तो बिंदू, सुटका, सुटकेनंतरचा अतिरिक्त प्रवास आणि चाप पुढे सोडल्यावर यंत्रणा पुन्हा जोडली जाण्याचा बिंदू. चाप 'चांगला' किंवा 'खरखरीत' आहे असे नेमबाज म्हणतात, तेव्हा त्यांचा रोख केवळ भारावर नसून या पाचही टप्प्यांच्या एकसारखेपणावर असतो.

कार्यपद्धतीनुसार चापांचे तीन मुख्य प्रकार पडतात. एकक्रिया प्रकारात घोडा आधीच ताणलेला असतो आणि चाप त्याला फक्त सोडतो. म्हणून ओढ हलकी व आखूड असते. द्विक्रिया प्रकारात एकाच ओढीत घोडा ताणलाही जातो आणि सुटतोही, त्यामुळे ओढ लांब आणि जड असते. स्ट्रायकर प्रकारात बहुधा स्ट्रायकर अंशतः ताणलेला असतो व उरलेले काम चाप करतो. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ या पिस्तुलाने हा प्रकार जगभर रूढ केला. त्यात बाहेरून फिरवायची कळ नाही. चापातील लहान पाते, फायरिंग पिन अडवणारा अडसर आणि पडल्यावर बार उडू न देणारी रचना अशा तीन व्यवस्था आत असतात आणि चाप पूर्ण ओढला गेला तरच त्या क्रमाने दूर होतात. चाप हा सुरक्षिततेच्या साखळीतलाच दुवा असल्याने तो बदलणे म्हणजे या साखळीत हात घालणे ठरते.

चापभार आणि अचूकता

चाप सुटण्यासाठी लागणाऱ्या बळास चापभार म्हणतात व तो ग्रॅम, किलोग्रॅम किंवा पौंडात सांगितला जातो. स्ट्रायकर पिस्तुलांचा मूळ चापभार सामान्यतः अडीच किलोच्या आसपास असतो. द्विक्रिया रिव्हॉल्व्हरचा भार चार-पाच किलोपर्यंत जातो. खिशात किंवा कमरेला बाळगायच्या पिस्तुलाचे स्वतःचे वजन मात्र अनेकदा अर्धा ते पाऊण किलोच असते. आपल्या वजनाच्या कित्येक पट बळ एका बोटाने लावताना ते शस्त्र जागचे हलू न देणे, ही नेमबाजाची मूळ अडचण आहे.

आटोपशीर पिस्तुलात ही अडचण वाढते, कारण पुढच्या व मागच्या माशीतील अंतर कमी असते. हे अंतर १५० मिलिमीटर असेल आणि चाप ओढताना पुढची माशी १ मिलिमीटर सरकली, तर ७ मीटरवर गोळी सुमारे ४.७ सेंटिमीटर आणि २५ मीटरवर सुमारे १६.७ सेंटिमीटर बाजूला जाते. हलका, एकसारखा सुटणारा चाप ही सरकण कमी करतो. चाप बदलण्याच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत सबळ युक्तिवाद होय. नियमित कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या शस्त्रावर चाप ओढण्याचा अभ्यास, हाच दोष कोणताही भाग न बदलता कमी करतो, असे प्रशिक्षक त्यावर सांगतात.

बदलांचे प्रकार व परिणाम

सर्वांत साधा बदल चापाच्या आकाराचा असतो. वक्र चापाऐवजी सपाट चाप किंवा प्लास्टिकऐवजी धातूचा चाप बसवल्याने बोटाचा स्पर्श बदलतो, पण भार फारसा बदलत नाही. दुसरा बदल स्प्रिंगांचा असतो. स्ट्रायकरची स्प्रिंग सौम्य केल्यास ओढ हलकी होते, मात्र टोपीवरचा आघातही दुबळा पडतो आणि काडतूस न उडण्याचा संभव वाढतो. स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या शस्त्रात हा दोष जीवघेणा ठरू शकतो. चाप पुढे ढकलणारी स्प्रिंग सौम्य केल्यास चाप पुरेसा परत येत नाही आणि पुढील बार अडतो.

तिसरा व सर्वांत धोकादायक बदल अडकणीच्या पृष्ठभागांचा असतो. घोडा आणि सिअर जेवढ्या रुंदीने एकमेकांत अडकतात ती रुंदी घटवली की सुटका काचेसारखी स्वच्छ वाटते. परंतु ही अडकण फारच अपुरी राहिली तर हादऱ्यानेही सुटते, किंवा एकदा चाप ओढल्यावर एकामागून एक बार होत राहतात.

चापाचा स्पर्श आणि सुरक्षितता यांतील ओढाताण मूळ रचनांतही दिसते. जॉन ब्राउनिंग यांनी आरंभलेल्या आणि द्येदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी योजना आहे. तिचा दट्ट्या मॅगझिनवर घासत असल्याने ओढ खरखरीत होते. म्हणून अनेक मालक तो दट्ट्या काढून टाकत. तसे केल्यावर चाप सुधारतो, परंतु मॅगझिन काढल्यावर नळीत राहून गेलेले काडतूस उडण्याविरुद्धचे संरक्षण नाहीसे होते. भारतात इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे ९ मिलिमीटर १ए हे पिस्तूल याच हाय-पॉवर घराण्यातले आहे.

हलके करणे नेहमीच सुरक्षिततेच्या विरोधात जाते असेही नाही. सिग सॉअर पी३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास बार उडू शकतो असे दिसून आल्यावर उत्पादकाने २०१७ मध्ये ऐच्छिक सुधारणा कार्यक्रम जाहीर केला. त्यात चाप, सिअर व स्ट्रायकर हे भाग वजनाने हलके करण्यात आले. जड चाप पडण्याच्या धक्क्यात स्वतःच्या जडत्वाने मागे सरकतो, हलका चाप तेवढा सरकत नाही. येथे कमी केलेले वजन चापाचे स्वतःचे होते. ते आणि चाप ओढण्याचा भार या दोन वेगळ्या बाबी असून त्यांत गल्लत होता कामा नये.

पोलीस दलांचा अनुभव

न्यू यॉर्क शहराच्या पोलीस दलाने अनवधानाने होणारे गोळीबार टाळण्यासाठी ग्लॉक पिस्तुलांचा चापभार १२ पौंड, म्हणजे सुमारे ५.४ किलो ठेवला होता. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळ एका सशस्त्र हल्लेखोरावर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराच्या वेळी नऊ पादचारी जखमी झाले, तेव्हा जड चापामुळे नेम चुकतो का, हा प्रश्न पुढे आला. २०२१ मध्ये या दलाने नव्या भरतीच्या शिपायांसाठी सुमारे ५ पौंडांचा चाप स्वीकारण्याचे ठरवले. जड चाप चुकून ओढला जाण्याचा संभव कमी करतो आणि हेतुपुरस्सर झाडलेल्या गोळीची अचूकताही कमी करतो, असा दुहेरी धडा या उदाहरणातून घेतला जातो.

स्पर्धात्मक नेमबाजी

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात चापभार किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारात किमान १,००० ग्रॅम असावा लागतो. ५० मीटर पिस्तूल प्रकारात किमान मर्यादा नाही. चापावर प्रमाणित वजन अडकवून पिस्तूल उचलले जाते आणि वजन उचलले जाण्याआधी चाप सुटल्यास शस्त्र नियमबाह्य ठरते. २५ मीटर प्रकारात माशींमधील अंतर कमाल २२० मिलिमीटर असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.

स्पर्धेतील हा हलका चाप झाकून बाळगण्याच्या पिस्तुलाला प्रमाण म्हणून वापरता येत नाही. मैदानावर शस्त्र आज्ञा मिळेपर्यंत रिकामे असते, नळी लक्ष्याकडे असते आणि पंच उपस्थित असतात. अंगावरचे पिस्तूल मात्र भरलेले असू शकते, ते होल्स्टरमधून काढले व परत ठेवले जाते, कपड्याची घडी किंवा दोरी चापात अडकू शकते आणि ते ओढणारा हात भीतीने घट्ट झालेला असतो.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये 'शस्त्र' या संज्ञेत शस्त्रांच्या भागांचाही समावेश आहे. कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी करता येत नाही आणि कलम १० नुसार आयातीसाठी परवाना लागतो. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांसह वापरण्याचा उद्देश नसेल तरच. पिस्तुलात बसवण्यासाठी घेतलेला चाप या सवलतीत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मिती, रूपांतर व दुरुस्तीसाठी किमान सात वर्षे ते आजन्म कारावासाची तरतूद केली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

याच कलम २ मधील 'प्रतिबंधित शस्त्रे' ही व्याख्या चापाशी थेट निगडित आहे. चापावरील दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी रचना असलेले किंवा तसा बदल केलेले अग्निशस्त्र प्रतिबंधित ठरते. परिणामी, अडकण चुकीच्या पद्धतीने घासल्यामुळे एकामागून एक बार उडवू लागलेले पिस्तूल परवान्यावर वैधपणे घेतलेले असले तरी या व्याख्येत येण्याचा धोका असतो.

शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक होल्स्टरसारख्या आवरणात, पूर्णपणे झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात राहील अशी न्यावी लागते. अमेरिकेत 'झाकून बाळगणे' हा अनेक राज्यांत परवान्याचा वेगळा प्रकार आहे. भारतात झाकणे ही बाळगण्याचीच अट आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. नागपूरलगतचे हिंगणा पोलीस ठाणे नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात येते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी अचूक यंत्रकामाचे कौशल्य उपलब्ध असले, तरी शस्त्राचा भाग बनवण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी त्या कामाचा स्वतंत्र परवाना लागतो. सामान्य यंत्रशाळेला तो चाप घडवता येत नाही.

नागरिकांना मिळणाऱ्या हातबंदुकांत .३२ बोअर प्रमुख आहे, तर ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर आहे. सरकारी आयुधनिर्माणींचे अशनी पिस्तूल आणि २०१४ मध्ये कानपूरहून बाजारात आलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे निर्भीक रिव्हॉल्व्हर ही .३२ बोअरची परिचित उदाहरणे आहेत.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईतील जुहू येथील घरी अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून अपघाताने गोळी सुटून त्यांच्या पायाला इजा झाली. शस्त्र हातातून निसटून पडल्याचे तेव्हा सांगण्यात आले. या घटनेत चाप बदलल्याचा प्रश्न नव्हता. तथापि पडणे, ठेवणे, काढणे या रोजच्या हाताळणीतच धोका असतो आणि सुरक्षायंत्रणा शाबूत असणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यामुळे सर्वसामान्यांच्या लक्षात आले.

परवानगीच्या चौकटीत चापाची नवी रचनाही महाराष्ट्रात झाली आहे. पुण्यातील आयुध संशोधन व विकास आस्थापना आणि महू येथील इन्फंट्री स्कूल यांनी मिळून तयार केलेले अस्मी हे ९ मिलिमीटर मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्यात प्रमुख वाटा होता. चार महिन्यांत विकसित झालेल्या या शस्त्राच्या चापाचे भाग धातूच्या त्रिमितीय मुद्रणाने बनवले गेले. हे शस्त्र सशस्त्र दलांसाठी असून त्याचा नागरी परवान्याशी संबंध नाही.

बदलाऐवजी पर्याय

परवानाधारकाला चाप जड किंवा खरखरीत वाटत असल्यास परवानाप्राप्त दुरुस्तीकाराकडून तपासणी व स्वच्छता करून घेणे, मूळ उत्पादकाचेच झिजलेले भाग बदलून घेणे, हाताला बसणारे शस्त्र मुळातच निवडणे आणि अधिकृत मैदानावर सराव करणे हे मार्ग उरतात. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर आणि नेम घेईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवण्याची सवय यांमुळे अनवधानाने होणारे गोळीबार टळतात. चाप हलका असो वा जड, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

हेही पाहा

• पिस्तूल
• रिव्हॉल्व्हर
• शस्त्र अधिनियम, १९५९
• नेमबाजी
• राही सरनोबत