कलमाचा चाकू आणि कायद्याचं कलम



आजची नोंद पिकाची नाही, हत्याराची आहे. सप्टेंबरात बागेत डॉगरिज खुंटावर कलमं भरायचं काम चालू होतं. टोळीतली पोरं सकाळी मोटारसायकलवर यायची, दिवे लागायच्या वेळेला परत जायची. गणपतीचे दिवस, रस्त्यावर नाकाबंदी. एका पोराची पिशवी हवालदारांनी उघडली आणि आतनं चाकू निघाला.

"हे काय आहे?"

"साहेब, कलमाचा चाकू."

"कुठलं कलम?"

पोरगं बिचारं गप्प झालं. मग हवालदारांनीच पिशवी चाळली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं बंडल, छाटणीची कात्री. "द्राक्षाचं काम करतोस का?" म्हणाले. त्यांच्या घरची पण शेती असणार. चाकू पट्ट्यांच्या बंडलाखाली ठेवायला लावला आणि सोडलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर यावरच चर्चा. एक म्हणाला, सहा इंचापर्यंत चालतो. दुसरा म्हणाला, शेतकऱ्याला सगळं माफ आहे. तिसरा म्हणाला, चाकू खिशात ठेवणंच गुन्हा. तिघंही चुकीचे. म्हणून म्हटलं, हा विषय जरा मुळापासून मांडावा.

सुरुवात त्या हवालदारांच्या प्रश्नापासूनच करू. मराठीत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे झाडाचा जोड, आणि कलम म्हणजे कायद्यातला परिच्छेद. शब्द अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ बोरू. बोरू लिहिता ठेवायचा तर त्याचं टोक सारखं तासावं लागायचं, म्हणून लिहिणाऱ्याच्या कलमदानात दौतीबरोबर छोटा चाकू असायचा. इंग्रजीतलं 'पेननाइफ' हे नावही तसंच आलं, पक्ष्याच्या पिसाची लेखणी तासायचा तो चाकू. म्हणजे खिशातला छोटा चाकू मुळात कारकुनाचा. आपल्या आजोबांच्या कमरेला असायचा विळा नाहीतर कोयता. कोकणात अजूनही कमरेला आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवून माणूस दिवसभर रानात फिरतो.

पूर्वी अवजार आणि शस्त्र यांत फार मोठी भिंत नव्हती. मराठेशाहीत पावसाळ्यात जो माणूस औत धरायचा, त्यातलाच कितीतरी माणूस दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की मोहिमेवर निघायचा. आपण खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपं सगळं धुऊन पुसून पूजेला मांडतो. ज्यांच्या घरी तलवार आहे ते तिच्याच शेजारी मांडतात. एकाच पाटावर दोन्ही.

ही भिंत कायद्यानं बांधली ती इंग्रजांनी. १८५७ च्या उठावानंतर लोकांची हत्यारं काढून घ्यायचं धोरण सुरू झालं. १८६० साली त्यासाठी कायदा आला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना तो मोठा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरायचं नाही, असा त्याचा अर्थ. युरोपियनांना मात्र सूट. शस्त्र म्हणजे काय, याची यादीच कायद्यात दिलेली होती: बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्याची पाती, धनुष्यबाण, तोफा. धनुष्यबाण यादीत आले म्हटल्यावर डोंगरातल्या भिल्लाचं रोजचं हत्यार शस्त्रात गणलं गेलं. विळा, कोयता, कुऱ्हाड यांची नावं मात्र त्या यादीत नाहीत.

का नाहीत? सरकारला सारा पाहिजे होता आणि सारा विळ्यातनंच यायचा. गावोगावचे विळे काढून घेतले तर ज्वारी कापायची कशानं?

आपल्याकडचा एक दाखला इथं आठवतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि ते लोण पुढं पुणे-नगर भागात पसरलं. हत्यारं काय, प्रत्येकाच्या घरात होती. पण लोकांनी मुख्यतः हात घातला तो कागदांना. कर्जरोखे, खाती, गहाणखतं बाहेर काढून जाळली. शेतकऱ्याला मारणारी गोष्ट कोयता नव्हती, कागद होता, आणि हे त्याला नीट ठाऊक होतं. त्या दंग्यामुळे शस्त्र कायदा आला असं मी म्हणत नाही. पण त्याच दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाबाबत सवलतीचा कायदा झाला. पुढं १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आलं, की कर्जवसुलीत शेतकऱ्याची शेतीची अवजारं जप्त करता येत नाहीत. माणसाचं पोट ज्या हत्यारावर, ते काढून घ्यायचं नाही, हे तत्त्व लक्षात ठेवा. पुढं परत येतंय.

सूट मिळवलेले काही लोकही होते. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना इंग्रजांनी १८६१ मध्येच शस्त्रबंदीतून वगळलं. तिथले कोडव आणि जम्मा जमीन कसणारे यांना बंदुकीच्या परवान्यातून आजही सूट आहे, २०१९ मध्ये केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली. त्यांच्याकडे कैलपोळ्ह नावाचा सण आहे, आपल्या खंडेनवमीसारखीच शस्त्रांची पूजा. शिखांनी कृपाणासाठी मोठा लढा दिला, आणि शेवटी राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात लिहिलं गेलं की कृपाण बाळगणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे. गांधीजी अहिंसेचे, पण १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनीही या शस्त्र कायद्यावर कडक टीका केली होती. सगळ्या देशाला निःशस्त्र करणं हा अपमान आहे, असा त्यांचा रोख.

स्वातंत्र्यानंतर जुना कायदा गेला. नवा शस्त्र कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. आपल्या कामाची गोष्ट त्याच्या कलम २ मध्ये आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. धारदार हत्यारंही त्यात आली. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. उदाहरण म्हणून लाठी आणि साधी हातातली काठी यांची नावं तिथं आहेत.

१८७८ च्या कायद्यात वस्तूंची यादी होती. १९५९ च्या कायद्यानं प्रश्नच बदलला. वस्तू कोणती, एवढंच नाही. ती कशासाठी बनवली, हे विचारलं.

मग ते इंचांचं काय? त्या कायद्याखालच्या नियमांत आहे. १९६२ च्या आणि आता २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आणि तसली शस्त्रं त्यात येतात. पण तिथंही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. ही सवलत नसती तर काय झालं असतं बघा. ऊसतोडीचा कोयता दोन इंचांपेक्षा रुंद असतोच. पाचटातून फड तोडणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरला असता. आपला कलमाचा चाकू म्हणजे तीन इंचांच्या आतबाहेरचं पातं, एका बाजूनं धार, जोडाचा काप सपाट यावा म्हणून. तो मापातही बसत नाही आणि हेतूतही बसत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झालं, बिनधास्त फिरा. थांबा.

महाराष्ट्रात दुसरा एक कायदा आहे. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी शांतता राखण्यासाठी आदेश काढू शकतात. सण, निवडणूक, मोर्चा असला की पेपरात 'शस्त्रबंदी व जमावबंदी आदेश लागू' अशी बातमी येते, ती हीच. बहुतेक वेळा आदेश पंधरा दिवसांचा असतो. या कलमात तलवारी, भाले, बंदुका यांच्याबरोबर चाकू, काठ्या, लाठ्या अशी नावं आहेत. आणि पुढं आहे: शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू.

फरक कळला का? शस्त्र कायदा विचारतो, ही वस्तू कशासाठी बनवली. पोलीस कायदा विचारतो, हिनं काय करता येईल. पहिल्या कायद्यानं वगळलेली लाठी दुसऱ्यात नाव घेऊन आत आली. खुरप्यानं पण इजा करता येते, टिकावानं पण येते. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या टोळीतलं पोरगं गणपतीत अडलं ते या दुसऱ्या कायद्याच्या दारात. आणि सुटलं ते पिशवीतल्या काड्या-पट्ट्यांमुळे, कारण समोरच्या माणसानं आपल्या मनानं पहिला प्रश्न विचारला: हे कशासाठी?

आता कोयत्याचं बोलतो, कारण खरी काळजी तिथं आहे. मराठवाड्यातनं ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. किती कोयते आणले, किती कोयत्यांना उचल दिली, अशीच भाषा. माणसाचं नावच हत्यारावरनं पडलं. आणि गेल्या काही वर्षांत पुण्यात पोरांनी रस्त्यावर कोयते नाचवून दहशत केली, आणि 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या आल्या. ज्याच्यावर कोयता चालला त्याच्या घरच्यांचा विचार केला तर पोलिसांचं चुकलं म्हणवत नाही. पण ज्या हत्यारावर बीडच्या बाईचं पोट, त्याचं नाव गुन्ह्याच्या बातमीत घट्ट बसलं. उद्या फडावर निघालेल्या टोळीच्या गाडीतले कोयते बघून कुणी वेगळ्या नजरेनं पाहिलं तर त्यात तिचा काय दोष?

हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नाही. ज्यांनी आपल्याला शस्त्र कायदा दिला त्या इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानं सार्वजनिक जागी पातं घेऊन फिरायला बंदी घातली. तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सूट आहे, पण पातं उघडल्यावर लॉक होत असेल तर तो घडीचा चाकू धरला जात नाही. मात्र कामासाठी जवळ होता हे दाखवता आलं तर तो बचाव मान्य होतो. फिरून तिथंच आलो: कशासाठी?

दीडशे वर्षांच्या या गोष्टीतनं मला एकच कळलं. शेतकऱ्याची सवलत खरी आहे आणि जुनी आहे, पण ती चाकूच्या पात्यात नसते. ती चाकूच्या सोबतीत असते. काड्यांच्या, पट्ट्यांच्या, कात्रीच्या सोबत चाकू अवजार आहे. तोच चाकू रिकाम्या खिशात, रात्री दहा वाजता, मिरवणुकीत असला तर त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नसतं. आणि भांडणात एकदा उगारला, कुणाला लागला, की मग तो शेतीसाठी बनवला होता याला काही अर्थ राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये कापण्याच्या हत्यारानं इजा करणं हा वेगळा, जड गुन्हा आहे.

म्हणून आमच्या टोळीपुरते काही नियम केलेत:

चाकू खिशात नाही, कव्हर घालून कामाच्या पिशवीत.

पिशवीत चाकू एकटा नाही, कामाचं बाकी सामान सोबत.

काम संपलं की चाकू शेडमध्ये. बाजार, लग्न, तमाशा, कोर्ट, सभा, मिरवणूक, इथं न्यायचा नाही.

सणात आणि निवडणुकीत जिल्ह्याचा आदेश वाचायचा. कुणाला सूट आहे, किती तारखेपर्यंत आहे, ते त्यातच लिहिलेलं असतं.

अडवलं तर हुज्जत नाही. शांतपणे काम सांगायचं, मालकाचा फोन लावून द्यायचा.

आणि एक माझ्यासाठी: बाहेरगावच्या टोळीला मी स्वतः एका कागदावर लिहून देतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या बागेत कलमाचं काम आहे. तो काही सरकारी परवाना नाही. पण १८७५ ला कागदानं शेतकऱ्याचा घात केला होता, तर एखादा कागद त्याच्या बाजूनंही असू द्या.

कलमं बरी लागलीत. डोळे फुगायला लागलेत. पट्टी कधी सोडायची ते पुढच्या नोंदीत.