करारस्वातंत्र्य (अमेरिका)

कामाचे तास, वेतन व इतर अटी मालक आणि कामगार यांनी परस्परसंमतीने ठरवाव्यात, शासनाने त्यांत हात घालू नये, असे सांगणारे न्यायतत्त्व. १८९७ ते १९३७ या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर त्याचा मोठा प्रभाव होता.

या तत्त्वाचे मूळ कारखान्यात नाही. स्वतःची जमीन कसणारा, कोणाचाही मिंधा नसलेला शेतकरी हा टॉमस जेफरसन यांच्या दृष्टीने प्रजासत्ताकाचा आधार होता. तर आज मजुरी करणारा माणूस शिल्लक टाकून उद्या स्वतःचा धंदा काढील, या विश्वासावर अब्राहम लिंकन यांची मुक्त श्रमाची, म्हणजे गुलामगिरीच्या विरुद्ध टोकाच्या श्रमाची, कल्पना उभी होती. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने, रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेण्यास राज्यांना मनाई केली. ही दुरुस्ती मुख्यतः मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या संरक्षणासाठी होती. पुढे तिच्यातील ‘स्वातंत्र्य’ या शब्दात न्यायालयाने करार करण्याचा हक्क वाचला. तोवर पोलाद गिरण्यांत बारा तासांची पाळी रुळली होती आणि मजुराने उद्या मालक व्हावे, ही वाट बहुतेकांसाठी बुजली होती.

या तत्त्वाचा सर्वांत परिचित आविष्कार म्हणजे १९०५ चा लॉकनर खटला. न्यूयॉर्क राज्यात अनेक बेकऱ्या इमारतींच्या तळघरांत, कोंदट हवेत व पिठाच्या धुळीत चालत. म्हणून १८९५ च्या कायद्याने बेकरी कामगारांचे काम दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपुरते मर्यादित केले. युटिका येथील बेकरीमालक जोसेफ लॉकनर यांना या कायद्याखाली दंड झाला. तथापि न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदाच रद्द केला. भटारी स्वतःचे हित जाणण्यास समर्थ आहे, असे बहुमताच्या वतीने न्या. पेकहॅम यांनी म्हटले. समर्थ तो होताच. परंतु काम नाकारले तर चूल कशी पेटणार, हा प्रश्न त्या निकालाने विचारातच घेतला नाही. घटना कोणत्याही एका अर्थशास्त्रीय सिद्धांताला बांधलेली नाही, असे न्या. होम्स यांनी भिन्नमतात नोंदविले.

१९०८ मध्ये स्त्रियांच्या कामाचे तास मर्यादित करणारा ऑरेगनचा कायदा टिकला, पण तो स्त्रीच्या शारीरिक दुर्बलतेचा हवाला देऊन. अखेर महामंदीच्या काळात, १९३७ मध्ये, हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या एल्सी पॅरिश यांच्या खटल्यात किमान वेतन कायदा वैध ठरला आणि या तत्त्वाचा प्रभाव संपला. १९३८ च्या संघीय कायद्याने किमान वेतन व जादा कामाचा मोबदला देशभर लागू केला. मात्र शेतमजूर व घरकामगार, ज्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते, त्यांना बाहेरच ठेवले.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात याच प्रश्नाला हात घातला: शासन दूर राहिले की उरणारे स्वातंत्र्य हे कामाचे तास वाढविण्याचे व मजुरी कापण्याचे मालकाचे स्वातंत्र्य असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.