‘पागल की दवा’ आणि बीपीचा आकडा

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या आपल्या घरी खुर्चीत बसले होते. समोर एक चित्रकार त्यांचं चित्र काढत होती. दुपारी एकच्या सुमारास ‘डोक्यात मागच्या बाजूला भयंकर दुखतंय’ अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले आणि कोसळले. डॉक्टर हॉवर्ड ब्रून धावत आले, त्यांनी बीपी मोजलं. ३००/१९०. काही तासांतच मेंदूतल्या रक्तस्रावानं रूझवेल्ट गेले. वय ६३.

हे अचानक झालं नव्हतं. वर्षभर आधी, मार्च १९४४मध्ये, याच ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं आणि हृदयही थकलेलं होतं. जगाला मात्र ‘प्रकृती उत्तम’ असंच सांगितलं जात होतं. आज १८६/१०८ हा आकडा घेऊन तुम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलात तर ते आधी दोनदा मोजतील, मग थोडं रागावतील आणि गोळी लिहून देतील. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरकडे तेव्हा काय होतं? हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेसाठी फिनोबार्बिटॉन, कमी मिठाचं जेवण, कमी सिगारेटी आणि विश्रांती. बीपी उतरवणारी धड अशी गोळीच नव्हती.

शिवाय ती असावी असंही सगळ्यांना वाटत नव्हतं. रक्तवाहिन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला दाब जास्त लागणारच, तेव्हा त्यात ढवळाढवळ करू नका, असं मानणारे मोठमोठे हृदयतज्ज्ञ होते. जे उपचार करत त्यांचे मार्ग भलतेच होते. पाठीच्या कण्याजवळचे मज्जातंतू शस्त्रक्रिया करून कापायचे, हा एक. दुसरा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या वॉल्टर केम्पनर यांचा: रोज भात आणि फळं, मीठ नाही. आकडा उतरायचा खरा, पण महिनोन् महिने अळणी भात खाऊन दाखवा!

आता मुंबईला या. त्याच चाळीसच्या दशकात परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये रुस्तम जाल वकील नावाचे तरुण पारशी हृदयतज्ज्ञ बीपीच्या रुग्णांना एका मुळीची गोळी देत होते. वकील लंडनमध्ये शिकून आलेले होते. गोळी मात्र देशी होती, हिमालया ड्रग कंपनीची ‘सर्पिना’, १९३४पासून बाजारात असलेली. मुळी होती सर्पगंधेची.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. पांढरी-गुलाबी फुलं, लाल देठ, आणि जमिनीत सापासारखी वळणं घेत गेलेलं मूळ. शास्त्रीय नाव राऊवोल्फिया सर्पेंटिना. हे नाव सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ड राऊवोल्फ या जर्मन वैद्यावरून पडलं. तो बगदादपर्यंत फिरून आला होता, भारतात कधी पोचलाच नाही. म्हणजे ज्याचं नाव लागलं त्यानं ते झाड बहुधा पाहिलंही नसावं. आपल्याकडे ही मुळी सापाच्या विषावर, तापावर, झोपेसाठी शतकानुशतकं वापरात होती. बिहारमध्ये तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत आणि रडणारं तान्हं पोर झोपवायलाही तिचा उपयोग करत.

इथे तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारा एक मेसेज मला दिसायला लागलाय: ‘बीपीचं औषध आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं.’ नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं उपकरण इटलीत रिवा-रोच्ची यांनी १८९६मध्ये केलं आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा असे दोन्ही आकडे ऐकायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५मध्ये दाखवली. बीपी वाढल्याचं बहुतेकांना कळत नाही, दुखत नाही, खुपत नाही. जो आजार आकड्याशिवाय दिसतच नाही, त्यावरचं औषध आकडा येण्याआधी सापडणार कसं? मुळी जुनी होती, प्रश्न नवा होता. त्या दोघांची गाठ पडायला १९३१ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी दोन ठिकाणी काम झालं. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर चालते असा लेख लिहिला. दिल्लीत तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतली रसायनं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या आठवणीसाठी ‘अजमलिन’ नाव दिलं. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये राम नाथ चोप्रांनी प्राण्यांवर प्रयोग केले. एवढं सगळं होऊनही बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता. सेन-बोस यांचा लेख ज्या भारतीय नियतकालिकात आला ते लंडन-बोस्टनमध्ये कोण वाचणार!

वकिलांनी काय वेगळं केलं? नवीन औषध शोधलं नाही, नवीन रसायनही काढलं नाही. त्यांनी रुग्ण निवडले, गोळी दिली, आठवड्यामागून आठवडे बीपी मोजलं, लिहून ठेवलं, आणि तो लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’कडे पाठवला. १९४९मध्ये तो छापून आला. ५० रुग्णांची हकीकत होती. औषध हळू चढतं, हळूच उतरतं, बहुतेकांचा दाब खाली येतो, सोबत मन शांत होतं, असा त्याचा सूर होता. तुम्ही म्हणाल, यात शोध तो काय? मला विचाराल तर हाच शोध. ‘गुण येतो’ हे सगळेच सांगतात. किती जणांना, किती दिवसांनी, किती अंकांनी, हे लिहिणारे थोडे असतात.

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या आणि १९५२मध्ये आपले निष्कर्ष मांडले. औषध सौम्य आहे, पण दुसऱ्या औषधांच्या जोडीला उत्तम चालतं, असा त्यांचा अनुभव होता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी मुळीतला मुख्य घटक शुद्ध स्वरूपात मिळवला, ‘रिसर्पिन’. आता मूठभर पूड नको, मिलिग्रॅमचा अंश पुरे. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी तेच औषध मानसिक रुग्णांना दिलं. म्हणजे बिहारमधली ‘पागल की दवा’ फिरून फिरून मूळ कामावर आली. १९५७चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला, मनोविकारांवर काम करणाऱ्या आणखी काही जणांबरोबर. पुढच्या वर्षी वकिलांना पद्मभूषण मिळालं.

गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकातली झाली असती.

१९५४मध्ये वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्रीस या डॉक्टरांनी एक छोटा लेख लिहिला. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणारे बीपीचे काही रुग्ण खोल नैराश्यात गेले होते. आकडा उतरला होता आणि माणूसही उतरला होता. तशा नोंदी इतर ठिकाणांहूनही यायला लागल्या. मुळी देणाऱ्यांनी ज्याला ‘मन शांत होतं’ म्हटलं होतं, त्याचीच ही पुढची पायरी होती का? मात्रेची सीमा कुठे? बीपीच्या रुग्णाला मुळात काही होत नसतं. त्याला गोळी देऊन उदास करायचं, ते कशाच्या बदल्यात?

औषध असं का वागतं हे शोधताना मेंदूचं विज्ञान मात्र पुढे सरकलं. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशवाहक रसायनं बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रिसर्पिन ती पिशवी भरणारी यंत्रणाच बंद पाडतं. साठा हळूहळू आटतो, रक्तवाहिनीला ‘आवळ’ म्हणून सांगणारा नॉरॲड्रेनलिन कमी पडतो आणि दाब उतरतो. साठा आटायला दिवस लागतात, भरायलाही लागतात. वकिलांनी टिपलेला ‘हळू चढणं, हळू उतरणं’ हा प्रकार तो हाच. पण मेंदूतल्या पिशव्याही त्याच घडणीच्या. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं तेव्हा ते दगडासारखे निपचित पडले. मग एल-डोपा दिलं आणि ससे उठून हालचाल करू लागले. डोपामिन हे स्वतःच मेंदूतलं संदेशवाहक रसायन आहे हे त्या वाटेनं कळलं. पार्किन्सनच्या रुग्णांना आज मिळणारा उपचार तिथून निघाला. कार्लसन यांना २०००मध्ये नोबेल मिळालं. बीपीच्या गोळीची ही भलतीच वसुली.

मूळ प्रश्न तरी उरलाच होता: आकडा उतरवल्यानं माणूस वाचतो का? १९४९च्या लेखात दाब किती उतरला हे होतं. तेवढ्यानं माणूस जास्त जगला का, हे त्यात नव्हतं, असणारही नव्हतं. रक्तदाब हा आजाराचा नुसता धूर असेल, तर धूर पुसून आग विझत नाही.

याचं उत्तर शोधलं ते त्याच फ्रीस यांनी, ज्यांनी दहा वर्षं आधी धोक्याची घंटा वाजवली होती. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांतून १४३ पुरुष निवडले. सगळ्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९. ७३ जणांना तीन औषधं: लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रालाझिन आणि छोट्या मात्रेत रिसर्पिन. उरलेल्या ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निकामी गोळ्या. कोण काय घेतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. सरासरी दीड-दोन वर्षांतच चाचणी थांबवावी लागली, कारण पुढे चालवणं अन्यायाचं झालं असतं. निकाल १९६७मध्ये छापला गेला. निकामी गोळीच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणं, धमनी फाटणं अशी गंभीर संकटं आली, चार जण दगावले. औषधाच्या गटात अशी संकटं दोन. मृत्यू एकही नाही.

मला या ७० जणांचा विचार येतो. त्यांना फसवलं असं म्हणता येणार नाही. गोळी उपयोगी आहे की नाही हे तेव्हा खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. पण आज आपल्या आईला बीपीची गोळी लिहून देताना डॉक्टरला जो आत्मविश्वास असतो, त्याची किंमत त्यांनी भरली आहे.

त्यानंतर रिसर्पिन मागे पडत गेलं. प्रोप्रॅनोलॉल आलं, १९८१मध्ये कॅप्टोप्रिल आलं. गंमत म्हणजे कॅप्टोप्रिलचा धागा ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातून निघालेला. नव्या औषधांच्या मागे कंपन्या होत्या, जाहिराती होत्या. जुन्या, स्वस्त गोळीची बाजू कोण मांडणार? १९७४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तीन अभ्यास आले, रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो म्हणून. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही, पण डाग बसला तो बसलाच. त्याच वर्षी मुंबईत रुस्तम वकील वारले. आपल्याकडे मात्र गोळी पुष्कळ वर्षं चालली. ‘अडेल्फेन’ हे नाव घ्या, जुन्या डॉक्टरांचे डोळे लकाकतील. त्यात रिसर्पिनच होतं. छोट्या मात्रेत नैराश्याचा धोका पूर्वी वाटला तेवढा नाही असं आता अनेक जण म्हणतात, पण तोवर डॉक्टरांचा हात दुसऱ्या गोळ्यांकडे वळलेला होता.

आणि झुडूप? औषध मुळात असल्यामुळे मूळ खणलं की झाड जातं. पन्नासच्या दशकात जगभरातून मागणी आली आणि जंगलं खणली गेली. १९९०पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. तिच्यातलं दुसरं रसायन, सिद्दीकींचं अजमलिन, अजूनही हृदयाच्या कामी येतं. ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक विकार, त्यात धडधाकट दिसणारा तरुण झोपेतच जाऊ शकतो. त्याची शंका आली तर युरोपातल्या हॉस्पिटलांत रुग्णाला शिरेतून अजमलिन देतात आणि डॉक्टर ईसीजीच्या पडद्याकडे बघत बसतात, रेघ आपला आकार बदलते का ते पाहत.