दीड दिवसाचं तंजावर

मराठी नाटकाची सुरुवात: ५ नोव्हेंबर १८४३, सांगली, विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’. परीक्षेत हमखास मार्क देणारी ही तारीख मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. त्यामुळे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, पुस्तकविक्रीच्या टेबलाशी शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हाती आलं, तेव्हा नाटक उघडण्याआधी मी त्याचा काळ शोधला. साधारण १६९०. भाषा मराठी. म्हणजे माझ्या पाठ तारखेच्या दीडशे वर्षं आधी!

हे शहाजी म्हणजे शिवरायांचे वडील नव्हेत. त्यांच्याच नावाचा नातू, व्यंकोजीराजांचा मुलगा. व्यंकोजींनी १६७०च्या दशकात नायकांचं तंजावर घेतलं आणि भोसल्यांची ही गादी १८५५पर्यंत टिकली. शहाजींनी १६८४पासून पुढची पंचवीसेक वर्षं राज्य केलं आणि त्यात भरपूर लिहिलं, बरंचसं तेलुगूत. कारण नायकांपासून तिथे काव्याची दरबारी भाषा तीच होती. रस्त्यावर तमिळ, घरात आणि दफ्तरात मराठी, देवापुढे संस्कृत. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर पात्रं पाच भाषांत बोलतात. मला वाटतं, त्या गावात तसं काही मुद्दाम करावंच लागलं नसेल.

सांगलीचा मान सांगलीलाच राहू दे. भाव्यांच्या खेळांतून पुढे नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या. तंजावरची नाटकं रुमालात बांधलेली राहिली. पण आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांना एखादी ओळ तरी मिळायला हरकत नव्हती. मराठी म्हटली की नकाशा कोल्हापूरच्या खाली कापलेलाच असतो.

मी गेले होते दिवाळीच्या सुटीत, होस्टेलमधल्या मैत्रिणीबरोबर. तिचं आजोळ तंजावरचं, आणि आडनावाच्या जागी नुसतं ‘राव’. रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरलो तर पाऊस. त्या बाजूला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पडतो, हे आदल्या रात्रीपर्यंत कुणी मला सांगितलं नव्हतं. छत्री पुण्यात.

भिजलेल्या चपला दाराशी काढून ग्रंथालयाच्या दालनात शिरलो. जुना पुस्तकसंग्रह नायकांच्या वेळेपासूनचा, पण आज जे दिसतं ते मुख्यतः दुसऱ्या सरफोजींचं काम. १७९९च्या तहानं इंग्रजांनी त्यांच्याकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख तेवढा ठेवला, कारभार गेला. बिनराज्याचा राजा काय करणार? या राजानं पुस्तकं जमवली, काशीयात्रेतूनसुद्धा ढिगानं पोथ्या आणल्या. डोळ्यांचे रोगी तपासून घेतले आणि प्रत्येकाच्या नोंदीशेजारी त्या डोळ्याचं रंगीत चित्र काढवलं. छापखाना घातला; १८०६ साली तिथे इसापच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ म्हणून मराठीत छापल्या गेल्या. मराठी हस्तलिखितंच तीन हजारांवर आहेत. मोडी कागद वेगळे.

मला सगळ्यांत आवडलं ते सरफोजींचं ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ प्रकार: डोंगरातली कुरवंजी येते, विरहात झुरणाऱ्या नायिकेचा हात बघते आणि भविष्य सांगते. सरफोजींची कुरवंजी इंद्राणीला भूगोल सांगते. खंड, देश, सगळं गाण्यात, मराठीत. शाळेत नदीखोऱ्यांचे तक्ते घोकताना मला अशी बाई भेटायला हवी होती.

संध्याकाळी बृहदीश्वर. राजराज चोळाचं १०१०चं देऊळ, आणि त्याच्या भिंती म्हणजे तमिळ दगडी दफ्तरच: देवळाच्या चारशे नर्तकींची नावं, कुठल्या रांगेत कुणाचं घर, हेसुद्धा कोरलेलं. मान वर करून शिखर बघायचं सोडून मी प्रदक्षिणेच्या ओवरीतून नैऋत्येकडे निघाले. तिथे १८०३चा मराठी लेख आहे, भोसल्यांची वंशकथा. सरफोजींचे चिटणीस बाबुराव यांनी रचलेली. आठशे वर्षं जुन्या दुसऱ्याच्या भिंतीवर आपली कुळकथा कोरायची, याला हौस म्हणावं की धाडस?

पहिल्यांदा नुसती नक्षी दिसली. अक्षरं दाटीनं, शब्द कुठे सुटतो ते कळेना. मैत्रिणीनं मोबाईलचा उजेड बाजूनं तिरपा धरला तेव्हा खाचांत सावली भरली आणि एक ‘राजे’ वर आला. मग दुसरा. मग कुठे तरी ‘व’ की ‘च’ यावर आमचं भांडण झालं. अर्ध्या तासात दीड ओळ वाचून झाली आणि माझी मान धरली. मागून जाणारं एक तमिळ कुटुंब थांबलं, भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलं.

रात्री आजीकडे जेवण. संभाजीवरून सांबार, ही कथा तिलाही पाठ. कागद अर्थातच कुणाकडे नाही. तिची मराठी तमिळ हेलातली. दर दोन वाक्यांनी मी ‘काय?’ म्हणायची आणि मैत्रीण मराठीचं मराठीत भाषांतर करायची. मी शिलालेखाचं सांगत होते, पण तिला त्यात रस नव्हता. तिला हरिकथा आठवत होती. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला येत. त्यांच्या साक्या, दिंड्या, ओव्या तिथल्या भागवतरांनी उचलल्या आणि तमिळ कथेत आजही त्याच नावांनी गातात. तिनं वाटीवर बोटानं ठेका धरून एक साकी म्हटली. चाल ओळखीची वाटली. आमच्या ‘सौभद्र’ नाटकात साक्या आहेत, मी म्हटलं. सौभद्र तिला माहीत नव्हतं.

“आता तुमच्याकडे साकी कोण म्हणतं?” तिनं विचारलं.

“फारसं कुणी नाही, आजी.”

“आणि हे सगळं तुझ्या परीक्षेत येतं?”

“नाही.”

“मग जेव,” म्हणाली, आणि पानात आणखी भात वाढला.