पेटीतली ब्रिटिशकालीन नोट: अस्सल कोणती, त्या काळची बनावट कोणती आणि आजची नक्कल कोणती?

घर आवरताना आजोबांची जुनी पेटी उघडली जाते. तळाशी जमिनीचे कागद, एखादे रेशनकार्ड आणि राजाचे चित्र असलेली एक पिवळट नोट. लगेच पहिला प्रश्न येतो, “हिचे किती येतील?” पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: “ही नेमकी आहे तरी काय?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न शोधता जे पहिल्याच्या मागे धावतात, ते एकतर चांगली नोट मातीमोल भावात देऊन बसतात, नाहीतर फोनवरच्या भामट्याला उलट स्वतःच्या खिशातून पैसे देतात. म्हणून ब्रिटिश काळातल्या कागदी नोटा, त्या काळच्या बनावट नोटा आणि त्यांचा संग्रह याची ही माहिती एका जागी देत आहोत.

तीन प्रकार आधी समजून घ्या

पहिला प्रकार अस्सल नोटेचा. सरकारने किंवा बँकेने छापलेली.

दुसरा प्रकार त्या काळच्या बनावट नोटेचा. ती त्याच काळात कुणीतरी बाजारात चालवण्यासाठी बनवली. दुकानदार, सावकार आणि सरकारी तिजोरी यांना फसवणे हा तिचा हेतू होता. आज ती इतिहासाचा पुरावा आहे आणि बनावट म्हणूनच संग्राहक ती विकत घेतात.

तिसरा प्रकार आजच्या नकलेचा. ती गेल्या काही वर्षांत प्रिंटरवर छापलेली असते आणि ती फक्त संग्राहकाला गंडवते. तिला इतिहासही नाही आणि किंमतही नाही.

बाजारात सगळा घोळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. “जुनी नकली आहे साहेब, दुर्मीळ आहे” असे सांगून आजची नक्कल गळ्यात मारली जाते.

नोटा बदलत गेल्या, कारण नकला होत गेल्या

सरकारी नोटांच्या आधी प्रेसिडेन्सी बँका स्वतःच्या नोटा काढत. बँक ऑफ बेंगॉल, १८४० ची बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३ ची बँक ऑफ मद्रास या त्या तीन बँका. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल दिसतो. या नोटा आज फारच थोड्या उरल्या आहेत.

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोट काढण्याचा हक्क सरकारकडे गेला. पहिल्या सरकारी नोटा राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या. त्या एकाच बाजूने छापलेल्या, हाताने बनवलेल्या कागदावरच्या आणि दोन भाषांत रक्कम लिहिलेल्या होत्या. त्यांच्या नकला इतक्या सुटल्या की ही मालिकाच मागे घ्यावी लागली. १८६७ पासून रंगीत नक्षी खाली छापलेल्या नव्या नोटा आल्या. त्याच सुमारास पाच रुपयांची नोटही सुरू झाली.

तेव्हा देश चलन मंडळांत वाटलेला होता. ज्या मंडळाची नोट, त्याच मंडळात तिचे रोख पैसे हक्काने मिळत. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही मुख्य मंडळे. त्याशिवाय नागपूर आणि अकोला ही नावेही सुरुवातीच्या काळात येतात. आपल्याकडच्या संग्राहकाला “अकोला” नाव असलेली नोट दिसली तर त्याची झोप उडते, ती यामुळेच. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० आणि १०० च्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर चालू लागल्या.

पैसे टपालाने पाठवताना व्यापारी नोट मधोमध कापत. एक अर्धे आधी पाठवायचे आणि ते पोचल्याचे कळले की दुसरे. म्हणून मधोमध कापून पुन्हा चिकटवलेली नोट दिसली तर लगेच फेकू नका. दोन्ही अर्ध्यांवरचा क्रमांक जुळवून बघा. जुळला तर ती त्या काळची रीत आहे. जुळला नाही तर दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडले आहेत.

पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे अडीच रुपयांची. पंचम जॉर्जचे चित्र प्रथम याच छोट्या नोटांवर आले. १ जानेवारी १९२६ पासून या दोन्ही नोटा काढणे बंद झाले. अडीच रुपयांची नोट आजही सगळ्यांना हवी असते, म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर आहेत.

मे १९२३ मध्ये राजाच्या चित्राची दहाची नोट आली. तोवर नोटा विलायतेहून छापून येत. १९२८ मध्ये नाशिकचा छापखाना सुरू झाला आणि १९३२ पर्यंत सगळ्या नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या.

१ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाचची नोट. या नोटांवर आधी जेम्स टेलर यांची सही असते. १९४३ पासून पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही येते. दुसऱ्या महायुद्धात जपानने भारतीय नोटांच्या उत्तम नकला केल्या. त्यामुळे राजाचा बाजूने दिसणारा चेहरा जाऊन समोरून दिसणारा चेहरा आला, वॉटरमार्क बदलला आणि भारतीय नोटेत सुरक्षा धागा पहिल्यांदा घातला गेला. नकली नोटेने खऱ्या नोटेचे रूप कसे बदलले, याचा हा सगळ्यात ठळक दाखला आहे.

मराठवाड्याच्या घरांत सापडणाऱ्या उस्मानिया नोटा

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथल्या जुन्या घरांत ब्रिटिश नोटेपेक्षा हैदराबादची नोट सापडण्याची शक्यता जास्त. १९१८ च्या हैदराबाद चलन कायद्याने १० आणि १०० रुपयांच्या नोटा आल्या, १९१९ मध्ये १ आणि ५ च्या, तर १९२६ मध्ये १,००० ची. या चलनाला उस्मानिया सिक्का म्हणत. मुख्य मजकूर उर्दूत आणि सोबत मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीही. सुरुवातीला त्या विलायतेत छापल्या जात, नंतर नाशिकला.

इथे एक चूक नेहमी होते. नोटेवरचे साल फसली असते, हिजरी नव्हे. १३३८ हिजरी समजून वाचले तर १९१९-२० येते. प्रत्यक्षात फसली १३३८ म्हणजे १९२८-२९. सोपा हिशेब म्हणजे फसली सालात ५९० मिळवा. एवढे माहीत नसलेला विक्रेता नोट दहा वर्षे जुनी करून सांगतो.

हैदराबादच्या काही नोटांना समुद्राची गोष्ट आहे. “इजिप्त” नावाचे जहाज लंडनहून मुंबईला सोने-चांदी घेऊन येताना २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टकरीत बुडाले. १९३० च्या दशकात इटालियन पथकाने खजिना वर काढला, त्याबरोबर हैदराबाद सरकारच्या नोटाही वर आल्या. अशा नोटा वेगळ्या गटात मोजल्या जातात. पण कुठल्याही भिजलेल्या, डागाळलेल्या नोटेला “जहाजाची नोट” म्हणणारेही आहेत, तेव्हा जपून.

फाळणीच्या छापाच्या नोटा

फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःचा नोट छापखाना नव्हता. ३० जून १९४८ पर्यंत तिथल्या चलनाचे कामही रिझर्व्ह बँकच पाहत होती. भारतीय नोटांवरच “गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान” आणि उर्दूत “हुकूमत-ए-पाकिस्तान” असा मजकूर घालून नोटा नाशिकला छापल्या गेल्या आणि एप्रिल १९४८ पासून तिकडे चालू झाल्या.

संग्राहकांमध्ये प्रसिद्ध असलेले बंगळूरचे रिझवान रझाक यांचा छंद आजोबांच्या तिजोरीत मिळालेल्या अशाच नोटांपासून सुरू झाला. किशोर झुनझुनवाला यांच्यासोबत त्यांनी भारतीय कागदी चलनावर जो संदर्भग्रंथ केला, तो आज सगळे व्यापारी हाताशी ठेवतात. बंगळूरला त्यांचे कागदी चलनाचे संग्रहालयही आहे.

या नोटांत फसवणूक खूप होते, कारण इथे नोट अस्सल असते आणि फक्त छाप खोटा असतो. साधी सहाव्या जॉर्जची नोट घ्यायची आणि त्यावर शिक्का मारायचा. लक्षात ठेवा, हा मजकूर रबरी शिक्क्याने मारलेला नव्हता. छपाईच्या पाट्यांवरच बदल करून तो घातला होता. त्यामुळे शाई पसरलेली, अक्षरे तिरकी किंवा घड्यांच्या वरून गेलेली दिसली तर संशय घ्या. नोटेला घडी आधी पडली आणि छाप नंतर आला, हे भिंगातून स्पष्ट कळते.

आणखी एक नोट आपल्या घरांत सापडते. ती ब्रिटिश काळातली नाही, पण विचारणा फार होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी १० आणि १०० च्या खास नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी “एचए” ही इंग्रजी अक्षरे असतात. दादा-दादी त्या काळात हजला गेले असतील तर कागदपत्रे नीट बघा.

घरच्या घरी कशी तपासायची?

१. उजेडासमोर धरा. खरा वॉटरमार्क कागदाच्या जाडी-पातळपणामुळे दिसतो. बनावट नोटेत तो तेलकट किंवा पांढऱ्या शाईने काढलेला असतो. नोट टेबलावर सपाट ठेवूनही तो दिसत असेल तर गडबड आहे.

२. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. अस्सल नोटेच्या रेषा सलग असतात. प्रिंटरच्या नकलेत रेषेच्या जागी रंगीत ठिपके दिसतात. त्या काळच्या बनावट नोटेत ठिपके नसतात, पण रेषा जाड-बारीक आणि नक्षी हाताने काढल्यासारखी असते. राजाचे डोळे आणि दाढी तिथे हमखास बिघडते.

३. अल्ट्राव्हायोलेट दिवा लावा. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायने प्रामुख्याने १९५० नंतर कागदात आली. ब्रिटिशकालीन कागद निळसर-पांढरा चमकला तर तो आजचा असण्याची शक्यता मोठी. एक अपवाद आहे: साबणाच्या पावडरने धुतलेली अस्सल नोटही चमकू शकते.

४. सही, साल आणि राजा यांचा मेळ बघा. पंचम जॉर्जच्या नोटेवर देशमुखांची सही असूच शकत नाही.

५. टाचणीच्या भोकांना घाबरू नका. बँका गड्ड्या टाचत असत. अगदी जुनी म्हणून विकायला आलेली नोट कोरी करकरीत असेल, तर मात्र जास्त प्रश्न विचारा.

यातली एकच चाचणी पुरेशी नाही. तीन-चार गोष्टी एकाच दिशेने बोलल्या तरच निर्णय घ्या. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. एकदा तिथे जाऊन अस्सल नोटा डोळे भरून बघितल्या की अर्धी नजर तिथेच तयार होते.

जपायची कशी?

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. इस्त्री फिरवू नका, धुवू नका. घडी असेल तर असू द्या. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांनी चिकटपणा येतो, म्हणून पॉलिस्टरची पाकिटे घ्या. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमट कपाट, बुरशी, वाळवी आणि कसर यांपासून दूर ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो आणि नोट कुणाकडून आली याची नोंद ठेवा. “आजोबा अमुक साली कराचीहून आले तेव्हाची” ही एक ओळ पुढच्या पिढीला नोटेइतकीच मोलाची असते.

कायदा काय सांगतो?

बनावट चलन बनवणे, ते खरे म्हणून चालवणे आणि खरे म्हणून चालवण्याच्या हेतूने जवळ बाळगणे, हे भारतीय न्याय संहितेत गंभीर गुन्हे आहेत. म्हणून संग्रहातल्या प्रत्येक बनावट नोटेच्या पाकिटावर “बनावट” असे ठळक लिहा, खरेदीची पावती ठेवा आणि विकताना बनावट म्हणूनच विका. हा नियम फक्त बंद झालेल्या जुन्या नोटांपुरता. आज चालू असलेल्या चलनाची बनावट नोट संग्रहात ठेवायची नाही. हातात आली तर बँकेत द्या.

शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे बंधन आहे. १९१७ ची एक रुपयाची नोट आता त्या वयाची झाली आहे. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याआधी हे लक्षात असू द्या.

विकण्याआधी

“तुमच्या नोटेचे पाच लाख देतो, आधी कमिशन आणि टॅक्स भरा.” असा फोन आला की समजा, नोट घेणारा कुणी नाही. पैसे घेणारा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही, त्यासाठी कुठलेही शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा खरेदीदार आधी नोट बघतो आणि मग पैसे देतो. तो तुमच्याकडून पैसे मागत नाही.

किंमत चार गोष्टींवर ठरते: किती उरल्या आहेत, कुठल्या मंडळाची किंवा कुणाच्या सहीची आहे, अवस्था कशी आहे आणि ती निर्विवाद अस्सल आहे का. नुसते वय पुरेसे नाही. सहाव्या जॉर्जची वापरलेली साधी नोट ऐंशी वर्षांची असली तरी ती भरपूर आहे. किमान दोन वेगळ्या जाणकारांना दाखवा आणि एखाद्या नोंदणीकृत लिलावघराचे मागचे निकाल बघा. घाईने “आजच द्या, उद्या भाव पडेल” म्हणणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

आणि तपासून नोट साधी निघाली, तर वाईट वाटून घेऊ नका. ती कुणाच्या तरी महिन्याच्या पगारातली, कुणाच्या मेहरमधली किंवा गावाहून टपालाने आलेली असेल. तिचे पाकीट करा, पाठीमागे नावे आणि साल लिहा आणि मुलांना दाखवा.