कार्ल्याच्या खांबांवरील यवन

कळंबोलीहून बोरघाट चढून लोणावळ्यापुढे गेले की कार्ल्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील चैत्यगृहात अनेक खांबांचे दाते ‘धेनुकाकटचे यवन’ आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे हा शब्द इतर पाश्चात्त्यांनाही लावला गेला. परंतु लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत आहेत आणि एका यवनाचे नाव आहे ‘धम्म’! जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली.

उलट अथेन्समध्ये इ. स. पू. ४५१ च्या पेरिक्लिसच्या कायद्यानुसार आईवडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व मिळे. परका रहिवासी कर भरी, पण सभेत त्याला मत नसे.

अर्थात दानाचा मान म्हणजे राज्यकारभारातला वाटा नव्हे. मग ‘आपला’ कोणाला म्हणावे? वर्गात हा प्रश्न जरूर चर्चेला घ्यावा.